तळ्यातली इर्जिक

"मुळं धरू द्या, मंग बोला."

मालनबाईच्या तोंडी हे वाक्य कायम असायचं. शेजारी नवी सून आली आणि बायांनी तिच्याबद्दल कुजबूज सुरू केली, की मालनबाई म्हणायची, "मुळं धरू द्या, मंग बोला." अंगणात लिंबाचं रोप लावलं आणि नवऱ्यानं विचारलं, "हे जगंल का गं?" तरी हेच. एवढं बोलून ती तोंड मिटायची, आणि मग नदीला पूर आला तरी ते उघडायचं नाही. तिची जीभ फटकळ नव्हती. पण एकदा मनात घेतलं की बाई दगडाची व्हायची, आणि दगड कधी सांगतो का, की मी कुठं निघालो आहे?

आमचं गाव अंबड तालुक्यात आहे. अंकुशनगरच्या कारखान्याची चिमणी आमच्या बांधावरून दिसते आणि वारा तिकडून सुटला की मळीचा वास येतो. गावाचे दोन भाग. वरची गल्ली टेकाडावर, खालची गल्ली उतारावर, आणि दोन्हींच्या मधे तळं. एका अंगाला दगडी घाट, बाकी तीन अंगांना मातीची पाळ. हे तळं कुणी बांधलं ते आमच्या आज्यांनाही ठाऊक नव्हतं. खालच्या गल्लीत जवळजवळ प्रत्येक दाराशी आड आहे, आणि त्या आडांचं पाणी म्हणजे या तळ्याचंच पाणी, मातीतून गाळत गाळत खाली उतरलेलं. दुष्काळात तळं कोरडं पडलं तेव्हा महिनाभरात आडही कोरडे पडले होते, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

पण पाहिलेलं माणूस विसरतो. नव्वदच्या आसपास वरच्या गल्लीत नळ आले. तोट्या सोडल्या की पाणी. मग वरच्या गल्लीला तळ्याची गरज उरली नाही, उरला तो त्याचा वास. उन्हाळा आला की तळ्यावर हिरवी, लिबलिबीत साय धरायची. तिच्याखाली पाणी काळं. डास एवढे की म्हशीसुद्धा शेपटी हलवून थकायच्या. तळ्याच्या वरच्या काठाला नथमलशेठचं किराणा दुकान. त्यांच्या आजोबांनी राजस्थानातून येऊन ते मांडलेलं. शेठ ओट्यावर बसून नाकाला उपरणं लावायचे आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हणायचे, "गूळ चांगला हाये हो, वास गुळाचा न्हाई, तळ्याचा हाये."

नंतरच्या एका वर्षी पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर गाव बसलं. सरपंच काकासाहेब बोलले, "उन्हाळ्यात तिकून जाता येत न्हाई. लेकरं आजारी पडून राह्यले. बुजवून टाकू. बाजाराला सपाट जागा होईल."

"मुरूम माझ्याकडून," नथमलशेठ म्हणाले. "जेवढा लागंल तेवढा."

काकासाहेब वाईट माणूस नव्हता आणि शेठही नव्हते. वास खरा होता, आजार खरे होते. माना हलल्या. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं मालनबाई उठली. पन्नाशीची, बारीक अंगाची, कालव्यावर रोजानं काम करून हाताची कातडी जाड झालेली.

"काकासाहेब भाऊजी, तळं बुजवलं तं आमच्या आडांत पानी कुठून यायचं?"

"वहिनी, तुमच्याकडं बी नळ येनार हाये."

"कवा?"

"येईल की."

"येईल तवा बुजवा. तवर मी पानी नितळ करून दावते. पुढल्या पाडव्यापस्तोर द्या."

"कसं करशील वं?" वरच्या गल्लीच्या पुष्पाबाईनं विचारलं. ही बाई निंदणाऱ्या बायांच्या टोळीची म्होरकी. पंचक्रोशीत तिच्या टोळीएवढं स्वच्छ निंदणारं कुणी नव्हतं. "तुरटी फिरवती का काय तळ्यात? तुरटीला मंग नथमलशेठचं दुकानच लागंल सगळं!"

सगळा पार हसला. मालनबाई म्हणाली, "मुळं धरू द्या, मंग बोला." आणि खाली बसली. कशाची मुळं, ते कुणालाच कळलं नाही. काकासाहेबांनी मात्र शब्द दिला: पुढल्या पाडव्याला सगळं तळं नितळ दिसलं तर राहील, नाही तर मुरूम.

*

तिच्या मनात काय होतं, ते सांगतो.

त्याच्या आधीच्या हिवाळ्यात ती कालव्याच्या चारीवर कामाला होती. चारीत पाणवनस्पती माजते आणि पाणी अडवते, म्हणून ती उपटून काठावर टाकायची, असं काम. आम्ही लोक पाण्यातल्या सगळ्याच हिरव्याला शेवाळ म्हणतो. पण ही शेवाळ नव्हती. हिला देठ होता, चपटा. पानं बोटाएवढी लांब, तांबूस हिरवी आणि कडेनं चुण्या पडलेली, पोळ्याच्या बैलाच्या झुलीला झालर असावी तशी. मालनबाई तिला झालरच म्हणायची. सगळी पाण्याखाली उभी असते, वर डोकं काढत नाही. फक्त फाल्गुनात एक बारीकसा तुरा पाण्याबाहेर येतो, त्याला फूल म्हणायचं असेल तर म्हणा.

एक दिवस काम करताना मालनबाईच्या हातातला विळा सुटून पाण्यात पडला. आणि तिला तो दिसला. छातीएवढ्या पाण्याच्या तळाशी, झालरीच्या बुंध्याजवळ, त्याची मूठसुद्धा दिसत होती. जिथली झालर काल उपटली होती तिथलं पाणी मात्र चहासारखं गढूळ. ती तिथंच उभी राहिली. मुकादम ओरडला, "ओ बाई, आरशात पाहून राह्यल्या का काय?" तिला कळलं होतं, की ही झालर मातीला धरून ठेवते, पाण्यात उडू देत नाही. आणि जे खत खाऊन हिरवी साय माजते तेच खत ही आधी खाऊन टाकते. एका वावरात दाट ज्वारी उभी असली की खाली तणाला काही उरत नाही, तसं.

पारावरची बैठक झाली आणि दुसऱ्याच दिवशी ती चारीवर गेली. चैत्राचं ऊन. झालर पिवळी पडायला लागली होती, देठ ठिसूळ झाले होते. तरी तिनं घमेलंभर आणली आणि घरामागं लिंबाखालच्या जुन्या रांजणात पाणी भरून त्यात ठेवली. का? तर मिरगाला लावायची म्हणून. आपल्याकडं पेरायचं म्हणजे मिरगालाच, हे तिच्या हाडात होतं.

मिरगापर्यंत रांजणातली बरीचशी झालर सडली. जी उरली ती तिनं तळ्यात खोचली. चार दिवसांनी पाऊस लागला, ओढ्याचं लाल-काळं पाणी तळ्यात आलं, उजेड आत जाईना, आणि जे काही हिरवं होतं ते गेलं. पुष्पाबाई घाटावर धुणं धुताना म्हणाली, "पान्यात पेरलं, पान्यात गेलं. माय, शेवाळ पेरनारी बाई म्या जिंदगीत पाह्यली न्हाई." गावभर हे वाक्य फिरलं. मालनबाईचा नवरा तातेराव थट्टेखोर माणूस, तोसुद्धा म्हणाला, "हिनं तनाची शेती काढली. पुढल्या साली गाजरगवत पेरनार हाये म्हने."

मालनबाईनं त्या दिवसापासून तळ्याबद्दल गावात कुणाशी एक अक्षर बोलायचं नाही असं ठरवलं. हे तिनं ठरवलं ते चुकलं. पण ते पुढं येईल.

*

दसरा काढायचे दिवस आले. आमच्याकडं नवरात्राआधी घरातलं सगळं बाहेर निघतं. वाकळा, गोधड्या, भांडी, पाट, सगळं धुवायचं. भिंती सारवायच्या. मालनबाईनं लिंबाखालचा तो रांजण आडवा केला. आतून काळा चिखल आणि सडका वास आला. ती घासायला बसली तर हाताला काहीतरी टोचलं. सराट्याचा काटा असतो ना, तसं. पाहिलं तर बोराच्या बीएवढी कडक, काटेरी गाठ. एक, मग दुसरी. चिखलात अशा कितीतरी. आणि प्रत्येक गाठीला हिरवे, दोऱ्याएवढे कोंब फुटलेले.

तातेराव दारात चिलमीची राख झाडत होता. त्याला घरामागून ओरडणं ऐकू आलं.

"अवं! इकडं या जल्दी!"

"काय झालं? इच्चू?"

"इच्चू न्हाई. रब्बी हाये ही, रब्बी!"

तातेराव येऊन पाहतो तर बायको रांजणाच्या तोंडाशी बसलेली, तळहातावर ती गाठ, आणि डोळ्यांत पाणी. ती त्याला सांगत सुटली. ही झालर उन्हाळ्यात मरत नाही, झोपते. मरायच्या आधी देठाच्या टोकांना ह्या गाठी धरते. गाठी गळून चिखलात पडतात आणि पाणी गरम आहे तोवर निजून राहतात. पावसाळ्यातही निजूनच. पाणी निवायला लागलं की उठतात. रांजणाचं पाणी तळ्याआधी निवलं म्हणून रांजणातल्या आधी उठल्या. ज्वारी, करडई जेव्हा पेरायची तेव्हा हिला पेरायचं. मिरगाला पेरणं म्हणजे लग्नाच्या आदल्या वर्षी बुंदी पाडण्यासारखं झालं.

तातेराव तसा थट्टेखोर, पण शेतकरी. रब्बी म्हटल्यावर त्याला लगेच पटलं. तो म्हणाला, "मंग बी-बियानं कमी हाये. चारीच्या गाळात आनखी असंल."

दोघं बैलगाडी घेऊन चारीवर गेले. पाणी सुटायचं होतं, चारी कोरडी होती. गाळ उकरला तर गाठीच गाठी. तिनं तो गाळ पाटीपाटीनं गाडीत भरून आणला.

लावायची रीत तिनं आपल्या डोक्यानं काढली. नुसती गाठ टाकली तर लाट तिला काठाला आणून फेकते. म्हणून काळी माती मळायची, गोवरीला शेण मळतात तशी. मुठीएवढा गोळा करायचा, त्यात चार-पाच गाठी दाबायच्या आणि वरून तरटाचा तुकडा सैल बांधायचा. गोळा तळाशी बसतो, तरट कुजेपर्यंत माती धरतं, कोंब तरटाच्या भोकातून वर येतो. तरटासाठी ती नथमलशेठकडं गेली. "शेठ, फाटका बारदाना असंल तं द्या."

शेठनी चष्म्यावरून पाहिलं. "कायको?"

"लागतो."

"तळ्यासाठी?"

तिनं पाटी पुढं केली. शेठ आत गेले आणि साखरेच्या फाटक्या पोत्यांची चवड आणून ठेवली. "घे. मुरूम बी माझा आन् बारदाना बी माझाच. दोन्ही बाजूनं मीच भांडून राह्यलो बघ."

गुडघ्याएवढ्या पाण्यापासून कमरेएवढ्या पाण्यापर्यंत तिनं गोळे मांडले. त्याहून खोल उजेड पोचत नाही, तिथं लावून उपयोग नाही; पुढं झालर आपल्या पायानं सरकत जाते. पाणी वाहतं असेल तर संथ हवं, तळाला चिखल हवा, आणि वर ढवळायला कुणी नको. म्हणून तातेरावनं घाटाच्या बाजूनं बाभळीच्या काट्यांची फास कुंपणासारखी लावली आणि म्हशींसाठी पाळीचा एक कोपरा मोकळा ठेवला. लोकांना वाटलं, बाई आता तळं साफ करते आहे. झालरीचा नाद मिरगातच संपला असं गाव धरून चाललं होतं. मालनबाईनं कुणाचा गैरसमज काढला नाही.

मार्गशीर्षात कोंब हाताएवढे झाले. पौषात घाटावर उभं राहिलं की पाण्यात हिरवे-तांबूस पट्टे दिसायचे, आणि पट्ट्यांच्या मधलं पाणी काळं न दिसता खोल दिसायला लागलं.

*

संक्रांतीच्या तोंडावर टेंभुर्णीहून निरोप आला. मालनबाईची लेक बेबीनंदा तिकडं दिलेली, तिचे दिवस भरले होते. पहिली लेकरं सासरीच झालेली, हेही तिथंच होणार होतं. मालनबाईनं तळ्याकडं एकदा पाहिलं, तातेरावला म्हणाली, "म्हशी आत घुसू देऊ नका," आणि येष्टीत बसली.

आता इर्जिक म्हणजे काय, ते नव्या माणसांसाठी सांगतो. एखाद्याच्या घरी अडचण असली, माणूस कामाला कमी पडत असलं, की गावातली चार घरं मिळून त्याच्या वावरात उतरतात आणि एका दिवसात काम उरकून देतात. मजुरी घ्यायची नाही. त्या घरानं फक्त दुपारचं जेवण घालायचं. आणि एक रिवाज असा, की ज्या वावरात इर्जिक झाली त्या वावरातलं पीक काढणीपर्यंत कुणी मोडायचं नाही. भाऊबंदकी असो, हद्दीचा वाद असो, काढणीनंतर बोलायचं. त्यात गावाचा घाम आहे.

मालनबाई गेली आणि पुष्पाबाईला आपलंच बोलणं आठवत राहिलं. तिनंच पारावर हसवलं होतं, तिनंच घाटावर टोमणा मारला होता. आणि ही बाई थंडीत एकलीच कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून तळं साफ करते आहे, आता लेकीच्या बाळंतपणाला गेली आहे, आणि इकडं तळ्यात तण माजून राहिलं आहे. पुष्पाबाईनं टोळीच्या बायांना गोळा केलं. काकासाहेबांची बायको उषाबाई कधी कुणाच्या बांधाला जायची नाही, तीसुद्धा पदर खोचून आली.

"चला गं, मालनबाईची इर्जिक करू. तिचं तळं निंदून देऊ."

तातेराव ज्वारीच्या माळ्यावर पाखरं हाकत होता. दुपारी भाकरीला घरी आला तर घाटावर बाया ओल्या लुगड्यांनी बसलेल्या, दात वाजत होते आणि सगळ्या हसत होत्या. पाळीवर झालरीचे ढीग. पाणी गढूळ झालेलं. वावरात हरळीची एक काडी न सोडणाऱ्या त्या बाया. त्यांनी तळ्यातही काही सोडलं नव्हतं.

"तातेराव भाऊजी," पुष्पाबाई म्हणाली, "इर्जिक झाली. जेवन कुठं हाये?"

तातेरावनं ढिगांकडं पाहिलं. बायांकडं पाहिलं. त्या प्रेमानं आल्या होत्या. त्याच्या तोंडाला थट्टा आली नाही आणि खरंही आलं नाही. तो घरी गेला, चूल पेटवली, पिठलं घाटलं. भाकरी शेजाऱ्यांकडून मागून आणल्या. बायांना पंगतीला बसवलं. पुष्पाबाई म्हणाली, "पिठल्यात मीठ न्हाई." तो म्हणाला, "हां, राह्यलं." मग परसात जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मालनबाई आली. नात झाली होती. हातात बाळंतिणीच्या घरच्या डिंकाच्या लाडवांची पुरचुंडी. फाट्यावरून चालत येताना तिला लांबूनच पाळीवर ढीग दिसले. तिची चाल तशीच राहिली. ती घाटावर आली आणि थांबली.

पुष्पाबाई धावतच आली. "काय झालं गं बेबीनंदाला?"

"पोरगी."

"लक्ष्मी आली! आन् तुपलं तळं पाह्यलं का? पार काडी ठिवली न्हाई आम्ही."

मालनबाई पुरचुंडी पायरीवर ठेवून खाली बसली. ती म्हणाली, "ती लावल्ती मी."

"काय लावल्तं?"

"तेच. जे तुमी उपटलं. त्यानंच पानी नितळतं. रांजनातून बी धरलं, चारीतून गाळ आनला, एक एक गोळा केला. पाडव्याला अडीच महिने बी न्हाई राह्यले."

पुष्पाबाईचा चेहरा उतरला. मग ती भडकली, कारण चूक कळली की भडकणारी माणसं असतात त्यातली ती.

"तुला तोंड हाये का न्हाई? सांगाया काय झाल्तं? आमी काय जोशी हाये का, तुह्या मनातलं वळखायला? थंडीनं मरस्तोर पान्यात उभ्या राह्यलो आमी!"

"तू हसली असती."

"हसलेच असते! हसून बी आलेच असते ना लावायला?"

आम्ही खालच्या गल्लीतली दोन-चार माणसं तिथं होतो. आम्हालाही तिनं कधी काही सांगितलं नव्हतं, आणि आड तर आमचेही होते. मालनबाई उठली, जवळच्या ढिगाकडं गेली आणि वरची वाळलेली झालर बाजूला सारून हात आत घातला. आतली ओली होती, थंड, जिवंत. तिनं एक देठ ओढून काढला, उलटापालटा केला. देठाच्या पेराला पांढरं मूळ सुटायला लागलं होतं.

"पुष्पे," ती म्हणाली, "बाया बोलाव."

"कामून?"

"इर्जिक अर्धी झाली. उरलेली करा. अन् या खेपेला मी सांगते, तुमी ऐका."

आणि ती बोलली. आम्ही तिला आयुष्यात एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. हिला पेर असतात, प्रत्येक पेर मूळ धरतं, म्हणून तुकडा असला तरी टाकू नका. हिला गार पाणी मानवतं, अजून गारवा आहे. वाळलं ते फेका, लवचीक आहे ते घ्या. मूठभर देठ, काळ्या मातीचा गोळा, वरून तरट. वर टोकं उजेडाकडं. खोल पाण्यात नको. चारीत, ओढ्यात एक काडी सोडू नका, तिथं ही पाणी अडवते आणि दुसऱ्याचं वावर उपाशी ठेवते. चैत्रात टोकांना काटेरी गाठी कडक झाल्या की वरची झालर काढून घ्यायची, आधी नाही, आणि उशीर तर मुळीच नाही. उशीर झाला तर ती पाण्यातच सडते आणि जो वास घालवायला आणली तोच वास देते. काढलेली वावरात पसरली की खत. गाठी मात्र तळाला पडू द्यायच्या.

"म्हंजी निंदायचं असतंच की," पुष्पाबाई म्हणाली.

"ते निंदनं न्हाई. ती काढनी."

"मंग आमी हिरवं पीक कापलं म्हन ना सरळ!"

"कापलंच!"

दोघी एकमेकींकडं पाहून हसल्या, आणि मग बाकीच्या बायाही हसल्या. तीन दिवस वरची गल्ली आणि खालची गल्ली एका पाण्यात उभी होती. माती मळायला गडी बसले. नथमलशेठची बायको इचरजबाई चहाची किटली घेऊन घाटावर आली आणि जाताना स्वतःच्या हातानं एक गोळा टाकून गेली. शेठनी ते दुकानातून पाहिलं आणि तोंड फिरवून तराजू पुसत बसले.

*

माघात काही दिसेना. बाया रोज पाणी भरायच्या निमित्तानं वाकून पाहायच्या. मालनबाईही पाहायची, पण तिचं पाहणं वेगळं; ती पाण्यात बोटं बुडवून पाण्याचा गारवा पाहायची. माघाच्या शेवटी पट्टे पुन्हा दिसले. फाल्गुनात ऊन वाढलं तशी झालर झपाट्यानं वर आली. बारीक तुरे पाण्याबाहेर निघाले. शिमग्याच्या दिवसांत घाटावरच्या लोकांना पाण्याखालच्या पायऱ्या दिसायला लागल्या. आमचा घाट एवढा खोल उतरतो हे आमच्या पिढीला ठाऊकच नव्हतं. म्हातारी माणसं काठी टेकत पाहायला आली.

पण पलीकडच्या पाळीजवळचा खोल भाग हिरवाच राहिला. उपटलेल्यातलं निम्मंच जगलं होतं. तिकडं सरकायला झालरीला वेळ पुरला नाही.

पाडव्याला गुढ्या उभारून, कडुलिंब खाऊन, दुपारी गाव तळ्यावर जमलं. शेठच्या दुकानाशी मुरमानं भरलेला ट्रॅक्टर उभा होता. काकासाहेब घाट उतरले, शेवटच्या कोरड्या पायरीवर बसले आणि पाण्यात बराच वेळ पाहत राहिले. ओंजळीत पाणी घेऊन नाकाशी नेलं. मग उभं राहून पलीकडं पाहिलं.

"अर्धं नितळ हाये," ते म्हणाले. "अर्धं हिरवं हाये."

"मंग हिरवं तेवढं बुजवू," नथमलशेठ म्हणाले. "नितळ ऱ्हाऊ द्या. दोघांचं बी ऱ्हाईल."

हे ऐकायला वाजवी होतं आणि म्हणूनच धोक्याचं. कारण आमचे आड त्या खोल भागाच्याच खाली होते. काकासाहेब मालनबाईकडं वळले. ती गुडघाभर पाण्यात उभी होती, हातात विळा.

"वहिनी, शबुद पुऱ्या तळ्याचा व्हता."

"व्हता."

"पुरं झालं न्हाई."

"न्हाई झालं. आनखी एक हिवाळा लागंल." तिनं इर्जिकीची चूक सांगितली नाही. पुष्पाबाईकडं पाहिलंसुद्धा नाही. तिनं खाली वाकून एका देठाचं टोक चिमटीत धरून पाहिलं.

काकासाहेबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन चालू केलं. त्या आवाजावर पुष्पाबाईचा आवाज चढला.

"इर्जिकीचं वावर अर्ध्यावर मोडत्यात का कुठं?"

इंजिन चालूच होतं. ती पुढं आली. "सरपंच, त्या तळ्यात आमच्या टोळीची इर्जिक हाये. उपटलं बी आमी अन् लावलं बी आमी. पीक उभं हाये. काढनी व्हायची हाये. कोन मुरूम टाकतो ते मला पाहू द्या!"

"अगं पन तळं म्हंजी काय वावर हाये का?"

"गोळे टाकून लावलं, रब्बीला लावलं, काढून वावरात नेनार. आनखी वावर कसं असतंय? अन् मला कामून इचारता, घरच्या मानसाला इचारा. ती बी उतरल्ती पान्यात."

काकासाहेब गर्रकन वळले. उषाबाई बायांच्या मागं उभी होती. तिनं पदर ओठांशी धरला आणि हळूच मान हलवली. शेठ काही बोलायला तोंड उघडत होते, त्यांच्या ओट्यावरून इचरजबाईचा आवाज आला, "बारदाना आपलाच हाये त्यात. आन् एक गोळा माझा."

काकासाहेबांनी टोपी घातली. हसू दाबता येईना तेव्हा ते ट्रॅक्टरवाल्याकडं पाहून ओरडले, "बंद कर रे ते! मुरूम वरच्या गल्लीच्या रस्त्यावर टाक. इर्जिक हाये. काढनीबिगर काही करता येत न्हाई."

"आन् काढनीनंतर?" शेठनी विचारलं.

"काढनीनंतर गाठी चिखलात निजलेल्या असत्यात म्हने," काकासाहेब म्हणाले. "म्हंजी पेरनी झालेलीच हाये. शेठ, हे वावर मोकळं कधी होनारच न्हाई, बिलकुल."

टाळ्या नाही वाजल्या. आमच्या गावाला तशी सवय नाही. पण सगळी माणसं एकदम बोलायला लागली. त्या गलक्यात आम्ही मालनबाईला शोधलं तर ती पाण्यात वाकलेली. टोकांच्या गाठी कडक झाल्या होत्या आणि बाईला उशीर नको होता. ती विळ्यानं वरवरची झालर कापत होती, गाठीची टोकं चिमटीनं खुडून पाण्यातच सोडत होती. ढीग झाला तसा तिनं तो पाटीत भरला. पुष्पाबाईनं हात लावून पाटी तिच्या डोक्यावर दिली.

ती पाळीवरून खालच्या गल्लीकडं उतरायला लागली. पाटीतून पाणी गळून तिच्या पाठीवरून, लुगड्यावरून ओघळत होतं. वावर तसं लांब होतं आणि ऊन डोक्यावर, पण तिनं चाल धरली होती. तातेराव पाळीवर उकिडवा बसला होता. चिलीम पेटवायची म्हणून काडी ओढली होती, ती तशीच बोटांपाशी विझली. काकासाहेब घाटावर उभे होते, शेठ ओट्यावर. पुष्पाबाई ओल्या हातांनी कपाळावर सावली धरून पाहत होती. आडाच्या कडेला उभ्या असलेल्या आम्हा खालच्या गल्लीवाल्यांच्या जवळून ती गेली तेव्हा आम्ही वाट सोडून मागं सरलो, आणि ती बाभळीपलीकडच्या वळणाला दिसेनाशी होईस्तोवर कुणी रहाटाला हात लावला नाही.